अडतीसनं हरू

शुक्र. १ ऑगस्ट

उद्याचा अंदाज पाठवला. ऑस्ट्रेलिया, फरक ५. रग्बीच्या व्हॉट्सअॅप गटातल्या बाकी सहाही जणांनी उलट लिहिलंय. निखिलचा लगेच मेसेज, "काका, शुअर ना? सहाला शीट लॉक करतोय." लिहिलं, कर लॉक.

निखिल पुण्याचा, इथं बेंगळुरूत महादेवपुऱ्यात आयटीत. कॉलेजात रग्बी खेळलेला. नियम त्याचाच: सामन्याच्या आदल्या दिवशी सहापर्यंत, कोण जिंकणार आणि कितीनं. पैसे नाहीत. नुसतं खरं-खोटं.

सुमन म्हणाली, "सहा जण एकीकडं, तुम्ही एकटे. कधीतरी चारचौघांसारखं लिहा की."

चारचौघांसारखं लिहायचं तर लिहायचं कशाला.

शनि. २

ऑस्ट्रेलियाच. फरकात दोनानं चुकलो.

मुत्तप्पा सरांचा फोन. आमच्या अशूचे, लेकीचे, कॉलेजातले पहिले कोच. गट त्यांनीच काढलेला. "मोरे अण्णा, हेगे? कसं कळतं तुम्हाला? तुम्ही तर कधी खेळला नाहीत."

म्हटलं, सर, तुम्ही सगळे चेंडू बघता, मी पाय बघतो. सत्तावीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. पीस चकचकीत आहे का ते बघून चालत नाही, बसतो कसा ते बघावं लागतं. त्यांना पटलं असं वाटत नाही. न पटू दे.

मंगळ. ५

अशूचं नाव आलं. भारताच्या संघात. अल्माटीला कझाकस्तानशी दोन सामने, १६ आणि २३. तीन नंबर. म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीत उजवीकडं.

सुमन देवासमोर बसून रडली, मग उठून थालीपिठं लावली. हीच सुमन चार वर्षांमागं म्हणायची, आठ बायका डोकी खाली घालून समोरच्या आठ बायकांना रेड्यासारख्या ढकलतात, असला कसला खेळ. आणि हीच गेल्या दिवाळीत निपाणीच्या स्थळाला... ते म्हणाले, मुलगी अंगानं जरा जास्त आहे. ही म्हणाली, "जास्त नाही, लागते तेवढी आहे. चहा घ्या आणि निघा." चहा पण अर्धाच दिला होता.

मला रडू आलं नाही. कॅलेंडरवर दोन शनिवारांना गोल केले. एक जरा वाकडा आला.

बुध. ६

शॉपमध्ये नोटीस बोर्डावर पेपरचं कात्रण. मॅनेजरनं मैसूरपाक वाटला. लेथवरचा रमेश विचारतोय, अण्णा, मुलगी किती गोल मारणार? गोल नसतात रे. मग चहाच्या सुटीत त्याला समजावलं: चेंडू रेघेपलीकडं टेकवला की पाच गुण. अशूचं काम टेकवायचं नाही. अशूचं काम मागं न हटणं.

"म्हणजे भिंत?" म्हणाला.

भिंत ढकलत नाही. ही ढकलते.

रवि. १०

कझाकस्तानच्या जुन्या तीन सामन्यांचे व्हिडिओ बघितले. मग आपल्या सराव सामन्यांचे दोन. त्यांच्या पुढच्या तिघी एकत्र मुरलेल्या आहेत, एका दमात खाली बसतात. आपल्याकडं उजव्या बाजूला गळतंय. अशूच. दाब आला की तिचा उजवा पाय फार मागं जातो, गुडघा सरळ होतो, आणि मग ढकलायला काही शिल्लकच राहत नाही. खाली जाते. पंचाची शिट्टी.

पाच वेळा मागं घेऊन बघितलं. तेच.

सांगावं का तिला? तिथं कोच आहेत, स्क्रमचे वेगळे आहेत. आपण उभ्या जन्मात चेंडू हातात धरला नाही. बापानं घरात बसून ढवळाढवळ करू नये.

संध्याकाळी तिचा दिल्लीच्या कॅम्पमधून फोन. व्हिसा अजून यायचाय. "बाबा, आमचं काय लिहिणार?"

"शुक्रवारी लिहीन."

"भारत लिहा हां. नाहीतर घरी येणार नाही." हसत होती.

पायाचं नाही बोललो.

गुरु. १४

व्हिसा काल आला. आज पोचल्या, परवा सामना. डोळ्यात झोप घेऊन स्क्रम होत नाही. माझा फरकाचा आकडा तीसवर होता. ३८ केला.

इथल्या मराठी मंडळातून फोन. उद्या झेंडावंदनानंतर जे. पी. नगरच्या हॉलमध्ये आमचा सत्कार. भारताच्या खेळाडूचे आईवडील म्हणून. नको म्हणत होतो. सुमननं तोवर इरकल काढून इस्त्रीला टाकलं पण.

शुक्र. १५

झालं ते सरळ लिहितो.

मेट्रोनं गेलो. हॉल भरलेला. मला शाल, नारळ, फेटा. सुमनची ओटी भरली. ती फार छान दिसत होती. अध्यक्षांनी भाषण केलं, लाल मातीतली मुलगी वगैरे. अशू सगळी यशवंतपूरच्या सिमेंटवर वाढली, पण असो. मग माईक माझ्यापुढं धरला. "मोरेसाहेब रग्बीचे पक्के भविष्यवाले आहेत असं ऐकतो. तर सांगा, उद्या आपण कितीनं जिंकणार?"

मी म्हटलं, "हरू. अडतीसनं."

हशा झाला. अध्यक्ष म्हणाले, मोरेसाहेब विनोदी आहेत. तिथं थांबता आलं असतं. माईक अजून समोरच होता. म्हटलं, "विनोद नाही. समोरचा संघ जड आहे. आपल्या मुली काल उतरल्यात. स्क्रम उजव्या बाजूनं मोडणार. अडतीस."

मागून कुणीतरी, "आज तरी असं बोलू नये हो!" एक बाई उभ्याच राहिल्या, "स्वतःची मुलगी ना तुमची?"

"होय," म्हटलं, "म्हणून तर नीट बघितलं."

पुढचा सत्कार दहावीच्या मुलांचा होता, तो घाईनं पुकारला.

मेट्रोत सुमन दोन सीट सोडून बसली. यशवंतपूरला उतरताना म्हणाली, "घरात म्हणायचं ते हॉलात म्हणालात."

"विचारलं म्हणून सांगितलं."

"मला कुणी विचारलं असतं तर मी पण सांगितलं असतं. भारत."

चार वाजता गटात पाठवलं: कझाकस्तान, ३८. बाकी सहांनी भारत लिहिलंय. मुत्तप्पा सरांनीही. सर, तुम्ही पण?

हॉलातला व्हिडिओ कुणीतरी काढलाय. निखिल म्हणतो, काका, सगळीकडं फिरतोय. फिरू दे. बोललो तेच आहे त्यात. फेटा तेवढा वाकडा बसलाय.

शनि. १६

५–४६. फरक ४१.

तीन पेनल्ट्या उजव्या बाजूनं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला अशूला बाहेर घेतलं. कॅमेरा तिच्यावर थांबला. तिनं टॉवेल डोक्यावर ओढून घेतला, तरी थांबला.

निखिलची शीट आली, या आठवड्यात पहिला मी. दुसरा कुणी जवळपासही नाही. एकाचाही अंगठा नाही.

सुमन, "जिंकलात. पेढे आणू?" ताट वाढून आत गेली.

मी चुकलो नव्हतो. ताट तसंच झाकून ठेवलं.

रवि. १७

मेव्हण्याचा बेळगावहून फोन. "दाजी, बाप आहात का पंच?"

"पंचाजवळ निदान शिट्टी असते," म्हटलं. ठेवला त्यानं.

मंडळाच्या गटातून मला काढलंय. सकाळी बघितलं. कुणी काढलं ते लिहून येतं तिथं. बरं झालं, रोजची सुप्रभातं टळली.

अशूचा फोन नाही. सुमनला येऊन गेला म्हणे, मी दूध आणायला गेलो तेव्हा. बरोबर तीच वेळ साधून.

सोम. १८

लंचच्या वेळी फोन वाजला. अशू. शॉपच्या मागं, लोखंडाचा बुरादा टाकतात तिथं जाऊन उभा राहिलो.

"व्हिडिओ बघितला बाबा. सगळ्या टीमनं बघितला."

"बरं."

"अडतीस म्हणालात त्याचा राग नाही. हरलोच की आम्ही. उजव्या बाजूनं मोडणार म्हणालात. उजव्या बाजूला मी आहे."

"होय."

"कधी दिसलं तुम्हाला?"

"दहा तारखेला."

"दहा." मागं कुणीतरी शिट्ट्या मारत होतं, सराव चालला असेल. "त्या संध्याकाळी मी फोन केला होता. हॉलभर लोकांना सांगितलंत. मला नाही सांगितलंत."

म्हटलं, तिथं कोच आहेत, माझं काम नव्हे, मी कधी...

"बाबा, शॉपमध्ये पीस रिजेक्ट करता तेव्हा मशीनवरच्या माणसाला सांगत नाही, कुठं चुकतंय ते?"

सांगतो. दर वेळी सांगतो. रमेश नवीन होता तेव्हा त्याच्या मशीनपाशी तासतासभर उभा राहिलोय. नुसता लाल रंग फासून पीस फेकला असं एकदाही केलेलं नाही.



"आता सांगा," म्हणाली. "माझ्याजवळ पाच दिवस आहेत."

सांगितलं. पाय, गुडघा, कुठल्या मिनिटाला, कसं. घंटा होऊन गेली. पंधरा मिनिटं उशिराची नोंद पडली, पहिल्यांदा. पडू दे.

फोन ठेवताना म्हणालो, चूक झाली माझी. ऐकू गेलं का माहीत नाही.

मंगळ. १९

अशूनं सरावाच्या नऊ क्लिपा पाठवल्या. स्क्रमच्या कोचना तिनं सांगितलं. ते म्हणाले, हे कुणी काढलं? ही म्हणाली, घरी एक इन्स्पेक्टर आहेत. त्यांनी शनिवारचं रेकॉर्डिंग परत लावलं, बघितलं, हिला एका बाजूला वेगळं उभं केलं. चांगला माणूस असणार.

तिच्या शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक सापडला. क्लिप थांबवून टीव्हीच्या काचेवर धरला. मांडी आणि पोटरी, मधला कोन. एकेक वहीत लिहिला. सुमन दारात उभी होती. शनिवारपासून जेवायला चला सोडून धड शब्द नव्हता. म्हणाली, "जरा खाली धरा. तिचं तोंड झाकालंय."

खाली धरला.

बुध. २०

चोवीस क्लिपा. पहिल्या सोळांत दोनच चुकीच्या. शेवटच्या आठांत पाच. दमली की पाय परत मागं.

फोन करून सांगितलं. लपवायचं नाही आता काही. "दमलीस की जुनं येतंय."

"माहीत आहे."

"मग दमल्यावरचंच कर. ताजी असताना कुणालाही जमतं."

"सरी," म्हणाली, म्हणजे बरं, आणि कट केला. बेंगळुरूची पोर ती. चिडली की कन्नड, आणि थोडं बरं वाटलं तरी कन्नड. कुठलं होतं कळलं नाही.

गुरु. २१

दुसऱ्या सामन्याची टीम आली. अशू बेंचवर. तीन नंबरला ओडिशाची मुलगी.

सुमन म्हणाली, "तुमच्या त्या भाषणामुळं."

भाषणामुळं नाही. तीन पेनल्ट्यांमुळं. पण हे तिला म्हणालो नाही. हळूहळू शिकालोय.

पहिला सामना सबंध परत बघितला. सगळे म्हणतायत धुव्वा उडाला. शेवटची वीस मिनिटं कुणी बघितली नाहीत, तोवर टीव्ही बंद केले असणार. त्या वीस मिनिटांत फक्त सात गुण गेले. तोवर मुलींना झोपेतनं जाग आली होती. आता आठवडाभर तिथं झोपल्यात, जेवल्यात. कझाकस्तानची किक मारणारी मुलगी या वेळी टीममध्ये नाही. हे सगळं छापून आलेलं आहे. वाचायचे कष्ट घ्यावे लागतात.

शुक्र. २२

गटाचे अंदाज आले. कझाकस्तान ४५. कझाकस्तान ५०. ५२. ४८. एकानं ६०. मुत्तप्पा सर ४०. गेल्या शुक्रवारी तिरंगा लावून भारत लिहिणारे हेच सगळे. आठ दिवसांत मुली एवढ्या वाईट झाल्या?

माझा: कझाकस्तान, १९.

निखिलनं फोनच केला. "काका, रागावू नका, पण या वेळी थोडं इमोशनल होतंय का? लोक म्हणतायत, बोलणी खाल्ली म्हणून काका नरम पडले."

"कोण लोक?"

"म्हणजे... सगळेच."

"मागच्या शुक्रवारी एकटा होतो तर दगड म्हणाले. आज एकटा आहे तर लोणी म्हणतायत. माझं टेबल तेच आहे निखिल. एकोणीस. लॉक कर."

"ओके काका."

"थांबायला सांगा त्याला." सुमन. हात पुसत बाहेर आली, फोन माझ्या हातातनं घेतला. "निखिल, माझं पण लिही. सुमन मोरे. भारत. दोननं."

"काकू, विनर आणि मार्जिन दोन्ही सांगताय ना?"

"तेच सांगालेय नव्हं. दोननं. आणि कुणी हसलं तर मला नाव कळव."

फोन मला देऊन परत आत गेली. तिचा अंदाज कुठल्याच मापात बसत नाही. शीटवर आठवी ओळ आली. कुणी हसलं नाही.

शनि. २३

दुपारी बाराला निखिलचा मेसेज. सकाळच्या सरावात ओडिशाच्या मुलीचा खांदा दुखावला. अशू सुरुवातीपासून. टीम बदलली तर सामना सुरू होईपर्यंत अंदाज बदलता येतो, हाही नियम आहे. "काका, चेंज करायचंय?"

बाकीच्यांनी केले. सगळ्यांनी वाढवले. मुत्तप्पा सर सुद्धा चाळीसवरनं पंचेचाळीसवर. तिचे पहिले कोच.

वही घेऊन बसलो. प्रश्न साधा आहे. अशू पहिल्या मिनिटापासून तीन नंबरला. फरक वाढतो की कमी होतो? गेल्या शनिवारी भगदाड तिच्याच जागी होतं. पण बुधवारच्या पहिल्या सोळा क्लिपा माझ्याजवळ आहेत, त्यांच्याजवळ नाहीत. ऐंशी मिनिटं टिकणार नाही. पन्नास टिकेल. पन्नास टिकली तर त्यांच्या दोन टेकवण्या कमी.

मग स्वतःला विचारलं, यात सुमनचं ते तीन दिवसांचं न बोलणं किती? लंचमधला तो फोन किती? आहे थोडं. नाही म्हणणार नाही. तेवढं वजा केलं.

तरी चौदा.

पाठवलं. लगेच लाल बदाम, हसरे चेहरे. मुत्तप्पा सर, "मगळ मेले प्रीती, अण्णा!" मुलीवर माया असणं हा काय आरोप आहे? माया आहेच. आकडा वेगळा. लिहिलं, "सर, तुम्ही तिला चार वर्षं शिकवलंत. पंचेचाळीस लिहिताना पाय बघितलात का?" सरांनी वाचलं.

दोनला अशूचा मेसेज. काय लिहिलंत?

हरू. चौदानं.

मी पहिल्यापासून आहे हे धरून?

धरूनच.

दोन मिनिटं टायपिंग, टायपिंग. मग: ठीक आहे. तुम्हाला खोटं पाडते.

पाड, लिहिलं.

आईनं काय लिहिलंय?

भारत. दोननं.

यावर काही आलं नाही. फोन जमा करून घेतात सामन्याआधी.

साडेतीन. निखिलची लिंक टीव्हीला जोडली. वही मांडीवर. राष्ट्रगीताला सुमन उभी राहिली, मी पण. अशू ओळीत तिसरी, डोळे मिटून म्हणत होती. केस घट्ट बांधलेत, कानावरनं पट्टी. ओळखूच येईना क्षणभर.

पहिल्या चार मिनिटांत काही नाही, चेंडूची नुसती लाथालाथी. मग त्यांच्या हातनं चेंडू पुढं सांडला. स्क्रम. चेंडू आपला.

आठ जणी एकमेकींना धरून गोळा झाल्या. समोर तीच बाई, मागच्या शनिवारी अशूला खाली दाबणारी. ती अशूकडं बघून काहीतरी म्हणाली. अशू पण काहीतरी म्हणाली, तोंड हललं. काय म्हणाली असेल, कुठल्या भाषेत.

"काय म्हणाली हो?" सुमन.

माहीत नाही.

पंचानं हात वर केला. अशू वाकली. उजवा पाय मागं गेला नाही, गुडघा वाकलेलाच.